रंगरुटाचा सेनापती

संत बदलायला काय लागतं? थोडी अक्कल आणि थोडं धाडस! आणि माझ्याकडे दोन्ही भरपूर आहे, असं मी त्या हिवाळ्यात आमच्या वरच्या कास्तानिया गावाच्या चौकात, भर माणसांत छाती ठोकून सांगितलं होतं. आता कोणी त्याची आठवण काढली की मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागतो.

माझं नाव थोदोरोस आणि धंदा खाटकाचा. या दोन गोष्टी एका माणसाच्या वाट्याला येणं म्हणजे काय, हे तुम्हाला नीट सांगायला हवं. आमच्याकडे वाढदिवसाला कुत्रं विचारत नाही. मान नामदिनाला! ज्या संताचं नाव तुम्हाला ठेवलं, त्याचा सण तोच तुमचा सण. त्या दिवशी दार सताड उघडं. आमंत्रण कोणालाच नाही आणि येणार सगळेच! किती माणसं आली आणि काय खाऊन गेली, यावर पुढचं वर्षभर गावात तुमची किंमत ठरते. योर्गोस नावाची माणसं नशीबवान. त्यांचा संत वसंतात येतो आणि घरोघर कोकरू भाजलं जातं. दिमित्रीचा संत शरदात येतो, नव्या वाइनबरोबर डुक्कर शिजतं. आणि ते कोकरू, ते डुक्कर कापून कोण देतं? मी!

आणि माझा संत? तो येतो ईस्टरच्या मोठ्या उपासातल्या पहिल्या शनिवारी. मांस नाही, अंडं नाही, दूध नाही! बरं, नुसता उपासात येतो एवढ्यावर भागत नाही. त्याची ख्यातीच अशी, की कोणा बादशहाने बाजारातलं सगळं अन्न बाटवलं तेव्हा तो बिशपच्या स्वप्नात गेला आणि म्हणाला, बाजाराकडे फिरकू नका, घरीच गहू उकडून खा! खाटकाला असा संत? म्हणून जन्मल्यापासून माझ्या नामदिनाला उकडलेले गहू. वर साखर, बेदाणे आणि डाळिंबाचे दाणे. आम्ही मेलेल्या माणसांसाठीही हेच गहू उकडतो. त्यामुळे पाहुणे एक चमचा तोंडात टाकतात, "पुष्कळ वर्षं जग रे बाबा" म्हणतात आणि मयताला आल्यासारखे भिंतीकडे बघत बसतात.

पण आमच्या चर्चमध्ये थोदोरोस एक नाही, दोन आहेत! दोघेही फार फार जुन्या काळचे, दोघेही सैनिक, दोघांनीही धर्मासाठी जीव दिला. एकाच चित्रात खांद्याला खांदा लावून उभे आहेत. तेच चिलखत, तोच भाला, दाढीही जवळजवळ तीच. कोण कुठला हे आमच्या पाद्रींनाही खालचं नाव वाचूनच कळतं. एक रंगरूट, म्हणजे फौजेत नुकता भरती झालेला. तो गव्हाचा. आणि दुसरा सेनापती! त्याचा सण आठ फेब्रुवारीला, मोठ्या उपासाच्या आधी. मी आयुष्यभर त्या चित्रासमोर मेणबत्ती लावत आलो, आणि कधी डोक्यात आलं नाही की मेणबत्ती वीतभर उजवीकडे सरकवली की काम झालं!

त्या वर्षी ते डोक्यात आलं माझ्या मुलीमुळे. क्रिसांथीचं खालच्या कास्तानियातल्या लाम्ब्रोसशी जमलं होतं. आमच्याकडे लग्नाच्या मुली संत थोदोरोसचे मूठभर गहू उशाखाली घेऊन झोपतात. मग स्वप्नात नवरा दिसतो. मागच्या वर्षी क्रिसांथीला लाम्ब्रोस दिसला. आदल्याच आठवड्यात ती त्याच्याबरोबर एका लग्नात पहाटेपर्यंत नाचली होती, तेव्हा गव्हाला फार कष्ट पडले नसावेत. मुलगा सोन्यासारखा. अडचण एकच, त्याचे वडील. प्रोद्रोमोस म्हणजे खालच्या चर्चचे मुख्य गायक. उंच, सडसडीत, सदा काळा कोट. त्यांच्या घरातलं मांजरसुद्धा बुधवार-शुक्रवार उंदराकडे बघत नाही म्हणे! त्यांनी निरोप पाठवला होता, "तुमच्या नामदिनाला येतो. घर बघतो, माणसं बघतो आणि मन मानलं तर शब्द देतो." शब्द दिला म्हणजे आमच्याकडे अर्धं लग्न लागलं. नाही दिला, तर मुलगी उभ्या गावाच्या तोंडी.

"उकडलेल्या गव्हावर मुलीचं लग्न ठरवायचं?" मी बायकोला, पोलिक्सेनीला, म्हटलं. "खाटकाची पोर आहे ती!"

"आपलं कशावर ठरलं होतं?"

"ऑलिव्हवर."

"मग काय बिघडलं?"

"तेच तर सांगतोय!"

त्यानंतर दोन दिवस मला कॉफी स्वतः करून घ्यावी लागली.

मी सरळ आमच्या पाद्रींकडे गेलो. आमच्याकडे पाद्री संसारी असतात; पापा-अनेस्तिस दारात आपल्या मुलांचे मोजे वाळत घालत होते.

"पापा, मी रंगरुटाला सोडून सेनापतीकडे चाललोय."

"बदली मागतोयस?"

"बढती म्हणा!"

"संतांचं काही नाही रे," पापा म्हणाले. "ते वर एकाच बाकावर बसलेले असतात. पण कॅलेंडर बघितलंस का?"

"आठ फेब्रुवारी! तोंडपाठ आहे!"

"तोंडपाठ असेल तर प्रश्नच मिटला," असं म्हणून ते पुढचा मोजा शोधायला लागले. त्या वेळी मला त्यांच्या आवाजात काही खटकलं नाही.

चौकात मी ही बातमी जाहीर केली आणि गावाला वर्षभराची करमणूक मिळाली. पुढाकार अर्थातच लंबू थोदोरोसचा. हा आमचा पाववाला, माझा नावभाऊ. याला रंगरूट फार प्रिय, कारण उपासात पाव दुप्पट खपतो! मी दिसलो की हा पिठाने माखलेला हात कपाळाला लावून कडक सलाम ठोकायचा. बघता बघता सगळं गावच सलाम ठोकायला लागलं. "सेनापती, अर्धा किलो खिमा!" "सेनापती, कुत्र्यासाठी हाडं आहेत का?" सुरुवातीला मी चिडलो. नंतर, तुमच्याशी खोटं कशाला बोलू, चालताना मान आपोआप ताठ व्हायला लागली.

बसच्या ड्रायव्हरबरोबर प्रोद्रोमोसना निरोप गेला, या वर्षी आठ तारखेला या. उलटा निरोप आला, "येतो. पण हे नवीनच ऐकतोय." मी म्हटलं, ऐकू दे! एकदा ताट समोर आलं की कान बंद होतात!

आणि काय ताट ठरवलं होतं! स्वतःच्या हाताने पाळलेलं अख्खं डुक्कर, पोटात तांदूळ, मनुका, चेस्टनट आणि संत्र्याची साल. आदला दिवस आमचा खमंग गुरुवार. मोठ्या उपासाआधी सगळा देश त्या दिवशी अंगणात मांस भाजतो आणि गावावर निळा धूर चढतो. वर्षभरात खाटकाला एवढं काम कधीच नसतं. सकाळपासून कापून कापून माझे खांदे उतरले. दुकान बंद करून मी आणि लंबूने ते डुक्कर त्याच्या भट्टीत सरकवलं आणि दिवेलागणीला मी विजयी चेहऱ्याने घरी आलो.

"झालं!" मी खुर्चीत बसलो. "उद्या बघ!"

पोलिक्सेनी कांदे सोलत होती. "उद्या काय?"

"अगं, आठ तारीख!"

"वार कुठला?"

मी वार सांगायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. आज खमंग गुरुवार. आणि गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी, तुम्ही कितीही संत बदला, शुक्रवारच येतो! शुक्रवारी आमच्याकडे मांसाला शिवणं म्हणजे पाप, बारा महिने. त्याचं काय आहे, खाटकाला तारीख कळत नाही, वार कळतो. आणि संताला वार कळत नाही, तो तारखेने येतो. आमची दोघांची गाठ पडेल, हे मला सुचलंच नव्हतं.

"तुला माहीत होतं?" मी कसंबसं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"मी साध्या खाटकाची बायको. सेनापतीला कोण शिकवणार?"

मी तसाच भट्टीकडे धावलो. "लंबू! डुक्कर बाहेर काढ!"

"अर्धं कच्चं? गावाला काय संडासात बसवायचंय?"

"मग शिजव, पण उद्या ते कोणाच्या नजरेला पडता कामा नये! प्रोद्रोमोस येणार आहेत! ते घरी गेल्याशिवाय भट्टीचं दार उघडायचं नाही!"

"माझ्यावर सोड," लंबू म्हणाला. त्याने सलाम ठोकला नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

शुक्रवारी आमच्या टेबलावर काय होतं? व्हिनेगर घातलेली मसुराची आमटी, ऑलिव्ह, लोणच्यातल्या मिरच्या. आणि मधोमध साखर पेरलेला, डाळिंबाचे दाणे लावलेला उकडलेल्या गव्हाचा ढीग! पोलिक्सेनीने ते दोन दिवस आधीच भिजत घातले होते. एवढा उपद्व्याप करून संत बदलला, आणि ताट जिथल्या तिथे!

शेजारपाजारचे येत होते, "पुष्कळ वर्षं, सेनापती!" म्हणत होते आणि बसल्या बसल्या नाक वर करून हुंगत होते. कारण भट्टीचं दार बंद असलं तरी धुराडं उघडंच असतं. डुकराचा, संत्र्याच्या सालीचा, भाजलेल्या चेस्टनटचा असा काही वास गावभर पसरला होता, की उपास करणाऱ्यांचे डोळे भरून येत होते.

अकराच्या बसने प्रोद्रोमोस आले. बरोबर लाम्ब्रोस आणि त्याची आई इवान्थिया. बाई गोल, शांत. दारात एक "नमस्कार" म्हणाल्या आणि पुढे बराच वेळ बोलल्याच नाहीत. क्रिसांथीने कॉफी दिली. प्रोद्रोमोसनी टेबलाकडे पाहिलं, मसूर पाहिला, गहू पाहिले आणि त्यांचा चेहरा चक्क मऊ झाला.

"शाबास, थोदोरी," ते म्हणाले. "खरं सांगू? मला धास्ती होती. ऐकलं की संत बदलला. म्हटलं, जिभेपायी बदलला की काय!"

"छे छे! भलतंच!"

"मग कशापायी?"

इथे गप्प बसायचं होतं. "मनाला वाटलं" म्हणायचं होतं. पण मी पडलो सेनापती!

"स्वप्न पडलं," मी म्हणालो.

पोलिक्सेनीच्या हातातला चमचा खाली पडला. प्रोद्रोमोस पुढे सरकले. "कोण आलं स्वप्नात?"

"सेनापती. घोड्यावर."

"काय म्हणाले?"

"म्हणाले... थोदोरी, सगळे रंगरुटाकडेच जातात. मला कोणी विचारत नाही."

प्रोद्रोमोसनी छातीवर क्रुसाची खूण केली. त्यांचे डोळे पाणावले. मलाही आता गंमत वाटायला लागली होती.

"आणखी काही म्हणाले?"

"म्हणाले, ये माझ्याकडे, पण एक अट. माझ्या दिवशी तुझ्या घरात मांस दिसता कामा नये!"

आणि त्याच क्षणी बाहेर ढोल वाजला.

खरं सांगतो, ढोल! खिडकीतून पाहिलं तर रस्ताभर माणसं. पुढे ढोलवाला, मागे लंबू आणि त्याचा भाऊ, आणि त्यांच्या खांद्यावर भल्या मोठ्या परातीत माझं डुक्कर. सोनेरी, चकचकीत, तोंडात लिंबू. आणि डोक्यावर कोणाच्या तरी आजोबांची फौजी टोपी! दार तर नामदिनाचं, सताड उघडं. लंबू सरळ आत आला आणि त्याने आरोळी ठोकली, "सेनापती पधारत आहेत हो!"

"लंबू," मी दबक्या आवाजात म्हटलं, "लपव म्हटलं होतं ना!"

"कुठे लपवू? अख्खं गाव वास काढत भट्टीसमोर येऊन बसलंय! म्हटलं, निदान थाटात न्यावं. ते म्हातारबुवा गेले ना घरी?"

"नाही," खुर्चीतून प्रोद्रोमोस म्हणाले. "बसलोय."

ढोल थांबला. परातीतून एक थेंब तुपकट रस टपकन फरशीवर पडला. प्रोद्रोमोस हळूहळू उभे राहिले. त्यांनी डुकराकडे पाहिलं, मग टोपीकडे, मग माझ्याकडे.

"स्वप्न!" ते म्हणाले. "घोड्यावर! ज्या संताच्या गव्हाने पोरीला नवरा दाखवला, त्याला तुम्ही एका जेवणासाठी सोडलंत, आणि वर दुसऱ्याच्या तोंडी खोटं घातलंत. जो माणूस ताट बघून संत बदलतो, तो उद्या शब्दही बदलेल. लाम्ब्रोस, माझी टोपी आण."

लाम्ब्रोस जागचा हलला नाही. क्रिसांथी भिंतीला टेकून उभी होती. ती रडत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती, आणि ते फार वाईट होतं. बढाया मी मारल्या आणि पोरीच्या आयुष्याचं वाटोळं झालं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"बसा," कोणीतरी म्हणालं.

आम्ही सगळे इकडे तिकडे पाहायला लागलो. इवान्थियाबाई बोलल्या होत्या.

"काय?" प्रोद्रोमोस म्हणाले.

"बसा म्हणते. तुमचा नामदिन कधी असतो हो?"

"हे काय मध्येच? सात जानेवारी. सगळ्या जगाला माहीत आहे."

"आता सात जानेवारी. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला वेगळं सांगितलं होतं. म्हणाल्या, पोरी, माझ्या प्रोद्रोमोसचा दिवस एकोणतीस ऑगस्ट. त्याच्या नावाच्या संताचं शिर कापलं तो दिवस. कडक उपास, आणि घरात सुरीला हात लावायचा नाही."

"ते... ते दोन्ही सण एकाच संताचे आहेत!"

"तेच म्हणतेय! या बिचाऱ्याने निदान दुसऱ्या संताचं दार तरी ठोठावलं. तुम्ही घरच्या घरीच पान उलटलंत. लग्नाच्या पुढच्याच वर्षी म्हणालात, इवान्थिया, जानेवारी बरा, जानेवारीत माणसांना काहीतरी वाढता येतं. तेव्हापासून दर जानेवारीला मी अख्खं डुक्कर शिजवतेय. आणि कोणाकडून येतं ते?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या खोलीने माझ्याकडे पाहिलं. मी फरशीवरचा थेंब बघत राहिलो, कारण खरंच, दरवर्षी ते माझ्याकडूनच जायचं. तेही निवडून, चांगलं जाडजूड!

लंबूने हळूच डुकराच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली. प्रोद्रोमोस बसले. बराच वेळ त्यांनी मसुराच्या आमटीत चमचा फिरवला. कान लालभडक झाले होते. मग त्यांनी एक घास खाल्ला, तोंड पुसलं आणि मान वर न करता म्हणाले, "मुलगी चांगली आहे. शब्द दिला."

पुढे जे रडणं, मिठ्या आणि त्सिपुरो दारूचे पेले झाले ते काय सांगू! डुक्कर आतल्या खोलीत झाकून ठेवलं आणि शनिवारी गावाने येऊन त्याचा फडशा पाडला. वर मोठ्या उपासातल्या पहिल्या शनिवारी तेच गाव पुन्हा दारात उभं. "सेनापतीचं झालं, रंगरुटाने काय पाप केलंय?" पोलिक्सेनीकडे गहू तयारच होते. ईस्टरनंतर लग्नही झकास झालं. म्हणजे हिशेब केला तर मी जिंकलो होतो. निदान ऑगस्टपर्यंत मला तसं वाटत होतं.

ऑगस्टच्या शेवटी बसच्या ड्रायव्हरने निरोप आणला. प्रोद्रोमोसनी आपला नामदिन जुन्या जागी नेला आहे, एकोणतीस तारखेला, आणि पहिला मान व्याह्यांचा. आता मुलीच्या सासऱ्याच्या नामदिनाला न जाऊन सांगता कोणाला?

गेलो. टेबलावर बार्लीचा वाळका पाव, द्राक्षं, हाताने मोडलेल्या काकड्या. सुरी नाहीच. टोमॅटो चावूनच खायचे. प्रोद्रोमोसना त्या वर्षी भक्तीचा असा काही उमाळा आला होता, की त्यांनी तेलही बंद केलं होतं. तेल गेलं, तूप गेलं, समोर धुपाटणं तेवढं शिल्लक होतं, चर्चमधून आणलेलं. धूर थेट माझ्या नाकात.

"व्याही," त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. चेहरा तेजाने नुसता फुलला होता. "त्या दिवशी तुमच्या घरी माझे डोळे उघडले. सात जानेवारी बंद! डुक्कर बंद!"

"या वर्षीपुरतं ना?"

"कायमचं! आणि दरवर्षी या दिवशी तुम्ही इथे, माझ्या उजव्या हाताला!"

एक मांसाचा नामदिन कमवायला निघालो होतो. हातातला सात जानेवारीचा होता तोही घालवला, आणि वर जन्माचा एक उपास पदरात! मी गुपचूप तो बार्लीचा पाव उचलला. बैलाचं पुढचं ढोपर एका घावात दोन करणारा माणूस मी. दोन्ही हातांनी जोर लावला, मग गुडघ्यावर ठेवून दाबला. कसलासा आवाज झाला.

प्रोद्रोमोसनी चमकून पाहिलं. "व्याही, रडताय की काय?"

"छे हो! पाव मोडला."

त्यांनी माझी पाठ थोपटली आणि मिठाची वाटी पुढे सरकवली. आता तुम्ही आपले म्हणून सांगतो, पाव अजून मोडला नव्हता.